परत येण्याची शपथ

पावसाळा तोंडाशीं आला कीं पुण्यामुंबईच्या मध्यम स्थितींतील घरांत लग्नाच्या मुहूर्तापेक्षां एका निराळ्याच तारखेची चर्चा अधिक चालूं लागते. ती तारीख परदेशी वकिलातींतील मुलाखतीची. परदेशांतील विद्यापीठानें मुलाला अगर मुलीला प्रवेश दिलेला असतो. बँकेनें कर्ज मंजूर केलेलें असतें. आजीनें मेतकुटाची व भाजणीची पुरचुंडीहि बांधावयास घेतलेली असते. सारें अडलेलें असतें तें एवढ्याचवर, कीं खिडकीपलीकडचा अधिकारी 'हो' म्हणतो कीं 'नाहीं'. विद्यार्थ्यांना मिळणारा हा व्हिसा, तो देण्याची आज रूढ असलेली रीति, आणि त्या रीतीचा आमच्या मुलांच्या सत्यनिष्ठेवर होणारा परिणाम, यांविषयीं दोन शब्द स्पष्टपणें लिहावे असें आमच्या मनांत बरेच दिवस घोळत होतें. परवां घडलेल्या एका लहानशा गोष्टीनें तो विचार पक्का झाला.

आमच्या शेजारीं एक मुलगा राहतो. वडील जिल्ह्याच्या गांवीं शाळामास्तर. मुलगा इंजिनिअरिंगची परीक्षा उत्तम रीतीनें उतरलेला. एके सायंकाळीं हातांत छापील प्रश्नावली घेऊन तो आमच्याकडे आला व म्हणाला, "काका, तुम्ही अधिकारी व्हा आणि मला प्रश्न विचारा." आम्हीं चष्मा सांवरून अधिकाराचें सोंग घेतलें. हेंच विद्यापीठ कां, हाच विषय कां, या प्रश्नांचीं उत्तरें त्यानें इतकीं सुरेख दिलीं कीं आम्हांस कौतुक वाटलें. मराठवाड्यांतील विहिरी माघांतच कां आटतात, भूगर्भांतील पाण्याचें मोजमाप कसें करतात, हें सांगतांना त्याचा चेहरा उजळला होता. मग आम्हीं यादींतील पुढचा प्रश्न वाचला: "शिक्षण पुरें झाल्यावर काय करणार?" मुलगा थांबला. क्षणभर आमच्याकडे पाहून त्यानें विचारलें, "काका, खरें सांगूं, कीं क्लासांत शिकवलेलें सांगूं?"

खरें उत्तर असें होतें: एकदोन वर्षें तेथें नोकरी करून कर्ज फेडीन, पुढें काय होईल तें आज बाविसाव्या वर्षीं कसें सांगूं? शिकवलेलें उत्तर असें होतें: माझे आईवडील उतारवयाचे आहेत, गांवीं घर व शेती आहे, पदवी हातीं पडतांच मी परत येणार. या दुसऱ्या उत्तरांत 'आईवडील' या शब्दापाशीं किंचित् थांबावयाचें असतें, हेंहि क्लासांत शिकवितात.

त्याच क्लासांतील एका मुलीनें गेल्या वर्षीं खरें उत्तर दिलें होतें. दोनतीन मिनिटांत मुलाखत संपली आणि तिच्या हातीं नकाराचा छापील कागद पडला. खरें बोलल्यामुळें नकार मिळाला कीं अन्य कारणानें, हें त्या कागदावर नव्हतें. तिला तें अद्याप कळलें नाहीं व पुढेंहि कळणार नाहीं. परंतु क्लासांतील सर्वांनीं त्यांतून जो धडा घ्यावयाचा तो घेतला. ही कचेरी कोणत्या देशाची हें आम्ही मुद्दाम सांगत नाहीं. आमचें भांडण एका खिडकीशीं नसून, अशा खिडक्या ज्या तत्त्वावर चालतात त्या तत्त्वाशीं आहे.

त्या तत्त्वाचें सर्वांत उघड रूप अमेरिकेच्या कायद्यांत दिसतें. तेथील १९५२ सालच्या इमिग्रेशन ॲक्टाचें २१४ वें कलम व त्याचें (ब) हें पोटकलम आज आमच्या मुलांना पाठ असतें. व्हिसा मागणारा प्रत्येक परदेशी मनुष्य कायमचा राहावयासच येत आहे असें गृहीत धरावें, आणि तसें नाहीं हें त्यानें अधिकाऱ्याची खात्री पटेपर्यंत सिद्ध करावें, असा त्याचा आशय आहे. विद्यार्थ्यानें शिवाय असेंहि दाखवावयाचें, कीं परदेशांत आपलें घर आहे आणि तें सोडण्याचा आपला मुळींच हेतु नाहीं. फौजदारी न्यायांत गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपीस निर्दोष मानतात. येथें विद्यार्थी आरोपीहून खालच्या पायरीवर उभा आहे. आरोपीनें काय केलें तें तपासतात. विद्यार्थ्यानें पुढें काय करावयाचें मनांत आणलें आहे तें तपासतात. मनांतील हेतूचा पुरावा कोणत्या दप्तरांत मिळतो, हें आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

या निर्णयावर अपील नाहीं. पुन्हां अर्ज करण्याची मोकळीक आहे, पण पुन्हां शुल्क भरून. हें शुल्क २०२३ च्या जूनपासून १८५ डॉलर झालें. नकार मिळाला तरी त्यांतील एक दमडी परत मिळत नाहीं. विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे आणखी ३५० डॉलर आधींच भरलेले असतात. २०२५ सालीं तर २७ मे पासून जूनच्या मध्यापर्यंत विद्यार्थ्यांना नवीन मुलाखती देणेंच थांबविण्यांत आलें. आणि त्या पुन्हां सुरू झाल्या तेव्हां समाजमाध्यमांवरील आपलें सारें लेखन अधिकाऱ्यांस पाहण्यासाठीं खुलें करावें, अशी अट घालण्यांत आली. मुलगा काय बोलतो यावर विश्वास नाहीं, म्हणून तो मित्रांशीं काय बोलला तें पाहावयाचें!

आतां या संशयाच्या शेजारींच दुसरें चित्र पाहावें. त्याच अमेरिकेंत पदवी घेतल्यावर विद्यार्थ्यास एक वर्ष नोकरी करण्याची सरकारी परवानगी मिळूं शकते. विषय विज्ञानाचा अगर तंत्राचा असल्यास तींत आणखी चोवीस महिन्यांची भर पडते. तेथील विद्यापीठांचे प्रतिनिधि आमच्या शहरांतील हॉटेलांत मेळावे भरवितात, तेव्हां याच तीन वर्षांच्या नोकरीचा उच्चार प्रथम होतो. २०२३–२४ या वर्षीं अमेरिकेंत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी असल्याची नोंद आहे. त्यांपैकीं सुमारें ९७ हजार वर्गांत नसून याच परवानगीनें कामावर होते. म्हणजे जें करूं नये असें पुढच्या दारावर बजावतात, तेंच करण्यास मागच्या दारानें बोलावतात. सरकारला हें ठाऊक आहे, विद्यापीठाला ठाऊक आहे, मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यालाहि ठाऊक आहे. ठाऊक नसल्याचें सोंग करावयाचें तें एकट्या विद्यार्थ्यानें.

आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. ही मुलाखत सत्य शोधीत नाहीं. ती असत्याची तालीम तपासते. जो आपलें भविष्य आपल्यास ठाऊक नाहीं असें प्रामाणिकपणें सांगेल त्यानें स्वतःविरुद्ध साक्ष दिली. आणि जो न अडखळतां शपथपूर्वक परत येण्याचें सांगेल त्याचा हेतु शुद्ध ठरला. ज्या विद्यापीठांच्या बोधचिन्हांवर 'सत्य' हा शब्द लॅटिनमध्यें कोरलेला असतो, त्यांच्या उंबरठ्यावर पाऊल टाकण्यापूर्वीं विद्यार्थ्याकडून पहिला धडा घोटून घेतात तो खोटें सफाईनें बोलण्याचा. आणि हा धडा फुकटहि मिळत नाहीं. त्याचे क्लास आहेत, त्याची फी आहे.

या परीक्षेंत दुसराहि एक अन्याय दडला आहे. परत येण्याचा हेतु सिद्ध कसा करावयाचा? तर सातबाराचा उतारा, घराचें मूल्यांकन, वडिलांच्या धंद्याचीं कागदपत्रें दाखवून. ज्याच्या मागें इस्टेट आहे तो परत येईल, ज्याच्या मागें नाहीं तो येणार नाहीं, असें हें सोपें गणित आहे. फी देण्याची ऐपत आहे काय, हें विचारण्यास आमची ना नाहीं; परक्या मुलखांत मुलगा उपाशी राहूं नये, हें पाहणें रास्तच आहे. परंतु ऐपतीचा पुरावा निराळा आणि इमानाचा पुरावा निराळा. भूमिहीनाच्या मुलाला मायभूमीची ओढ नसते, हा सिद्धांत ज्यांनीं काढला त्यांना महाराष्ट्राचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे.

१९१३ सालीं भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठांत गेले. त्याच वर्षीं त्यांचे वडील वारले होते. मागें जमीनजुमला नव्हता. ज्या समाजांत ते जन्मले त्याला या देशानें रस्त्यावरून चालण्याचीहि मोकळीक धड दिलेली नव्हती. आजच्या गणितानें पाहिलें तर परत न येण्याचीं सर्व कारणें त्यांच्याजवळ होतीं. तरी ते परत आले; १९१७ सालीं बडोद्यास त्यांना राहावयास जागा मिळेना, तरी या देशाचा त्यांनीं त्याग केला नाहीं; १९२० सालीं पुन्हां लंडनला गेले आणि १९२३ सालीं पुन्हां परत आले. ते कां आले, याचें उत्तर कोणत्या सातबारावर लिहिलेलें होतें?

आनंदीबाई जोशी यांची गोष्ट त्याहून जुनी. १८८३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, ही टपालखात्यांतील एका नोकराची पत्नी वैद्यकी शिकण्यासाठीं एकटी अमेरिकेस निघाली. परत येण्याचा प्रश्न तिलाहि विचारला गेला होता. पण तो विचारला तिच्या स्वतःच्या लोकांनीं, आणि त्याचें उत्तर तिनें श्रीरामपूरच्या कॉलेजांत भरसभेंत दिलें. १८८६ सालीं पदवी घेऊन तिनें तें खरें करून दाखविलें. डॉ. केतकर १९०६ सालीं कॉर्नेल विद्यापीठांत गेले, १९११ सालीं डॉक्टर झाले, आणि परत येऊन त्यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचें अजस्र काम अंगावर घेतलें.

त्या काळाचें आम्ही गोडवे गात आहों असें वाचकांनीं समजूं नये. चिनी मजुरांवर अमेरिकेनें १८८२ सालींच दार लावलें होतें, आणि १९१७ सालीं हिंदुस्थानासह बहुतेक आशिया खंडांतील मजुरांवर बंदी आली. परंतु त्या कठोर कायद्यानेंहि विद्यार्थ्यांस वगळलें होतें. १९२४ च्या कायद्यानें तर विद्यार्थ्यांचा स्वतंत्र वर्ग करून त्यांना संख्येच्या मर्यादेबाहेर ठेवलें. विद्येसाठीं येणारा मनुष्य निराळा, ही जाण त्या उघड वर्णद्वेषाच्या काळांतहि थोडीफार शिल्लक होती.

यांत आणखी एक न्याय लक्षांत घेण्यासारखा आहे. आंबेडकरांना बडोद्याच्या महाराजांनीं शिष्यवृत्ति दिली, तेव्हां परत येऊन दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांच्याकडून लिहून घेतला. तो रास्त होता. ज्यानें पैसा दिला त्यानें परत येण्याची अट घातली. आज अट घालतो तो पैसा देणारा नव्हे, घेणारा! आमच्या बापाच्या कर्जाचे लाखों रुपये फी म्हणून घ्यावयाचे, आणि वर आमच्याच मुलाकडून घरीं परत जाण्याची हमी मागावयाची, हा उलटा करार जगाच्या पाठीवर दुसऱ्या कोणत्या व्यवहारांत चालतो?

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा, कीं आपल्या घरांत कोणास घ्यावें हें ठरविण्याचा हक्क घरधन्याचा. पाहुण्यानें तक्रार करूं नये. हक्क आम्हांस मान्य आहे. परंतु दारांत तिकीट लावून पैसे घेणारा तो घरधनी नव्हे, दुकानदार. आणि पैसे घेऊन माल नाकारणाऱ्या दुकानदारानें कारण सांगावें, एवढी अपेक्षा बाजारांतहि ठेवतात. शिवाय नाकारण्याचा हक्क निराळा आणि मुक्यानें नाकारण्याचा हक्क निराळा. पहिला सत्तेचा आहे, दुसरा केवळ लहरीचा.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. खोटीं कागदपत्रें करणारे तुमचेच लोक आहेत, मग संशय घेतला तर बिघडलें कोठें? ही गोष्ट आम्ही नाकारीत नाहीं. कॅनडांत २०२३ सालीं शेंकडों भारतीय विद्यार्थ्यांचीं प्रवेशपत्रें बनावट निघालीं, आणि ज्या दलालावर त्यांनीं विश्वास टाकला होता त्याच्या पापाचें ओझें प्रथम त्यांच्याच डोक्यावर आलें. ब्रिटनचा नियम असा, कीं खर्चाची रक्कम खात्यांत सलग २८ दिवस असावी. त्याबरोबर २८ दिवसांपुरती रक्कम भाड्यानें ठेवून देणारे सावकार आमच्याकडे उभे राहिले. हैदराबादेजवळच्या चिलकूर येथील बालाजीला तर लोक 'व्हिसा बालाजी' म्हणूं लागले आहेत. नवस बोलतांना ११ आणि नवस फळल्यावर १०८ प्रदक्षिणा घालावयाच्या अशी तेथें चाल आहे. या भाविकांस आम्ही हंसत नाहीं. ज्या दरबारांत कारण सांगत नाहींत, पुरावा वाचीत नाहींत आणि अपील ऐकत नाहींत, त्या दरबारांतील निकालाला लोक दैव म्हणणार नाहींत तर काय म्हणतील? लबाडीचा बंदोबस्त कागद कसून तपासल्यानें होतो. मनांतील हेतु विचारल्यानें लबाडाचें कांहीं बिघडत नाहीं. तो उत्तर पाठ करून येतो. अडकतो तो भोळा.

तिसरा आक्षेप आमच्या स्वदेशाभिमानी मित्रांचा. मुलें बाहेर गेलीं नाहींत तर बरेंच झालें, येथेंच शिकतील, असें ते म्हणतात. त्यांस आमचें उत्तर एवढेंच, कीं मुलांना येथें ठेवावयाचें तर येथील प्रयोगशाळा व ग्रंथालयें तशीं करावीं. परक्या अधिकाऱ्याच्या नकारावर स्वदेशी उभी राहत नाहीं. आणि विद्येच्या बाबतींत आपण स्वतः पाहुण्यांशीं कसे वागतों तेंहि एकदा पाहावें. पुण्यांत आफ्रिकेंतून व पश्चिम आशियांतून शिकावयास येणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. १८० दिवसांहून अधिक मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांच्या आंत सरकारीं नोंद करण्याचा नियम त्यांनाहि आहे. आणि भाड्याची खोली शोधतांना त्यांच्या कातडीचा रंग पाहून दारें कशीं बंद होतात, हें पुणेकरांस आम्हीं सांगावयास नको. दुसऱ्याच्या उंबरठ्यावर न्याय मागणाऱ्यानें आपला उंबरठा आधीं झाडावा.

कोणी म्हणेल, मग दुसरी रीति शक्य तरी आहे काय? आहे, आणि तुकड्यातुकड्यांनीं ती अस्तित्वांतहि आहे. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यांत स्पष्ट म्हटलें आहे, कीं पुढें कायम राहण्याची इच्छा असणें एवढ्यावरून तात्पुरता प्रवेश बंद होत नाहीं. मुदत संपल्यावर हा मनुष्य नियमानें वागेल एवढी खात्री पटली म्हणजे पुरे. ऑस्ट्रेलियांत 'आपण तात्पुरतेच आलों' असें सिद्ध करण्याची जुनी अट होती. २३ मार्च २०२४ पासून ती काढून 'खरा विद्यार्थी' आहे काय एवढेंच पाहावयाचें ठरलें. ब्रिटन विद्यार्थ्यास नकाराचीं कारणें लेखी कळवितें व निर्णयाची फेरतपासणी मागण्याची सोय देतें. या देशांचीं कृत्यें सर्वस्वीं निर्मळ आहेत असें मात्र नव्हे. त्याच ऑस्ट्रेलियानें विद्यार्थ्याच्या व्हिसाचें शुल्क १ जुलै २०२४ रोजीं ७१० डॉलरांवरून १,६०० वर नेलें व वर्षभरांत २,००० केलें. कॅनडानें खर्चासाठीं दाखवावयाची रक्कम १ जानेवारी २०२४ पासून १०,००० डॉलरांवरून २०,६३५ केली. एका हातानें प्रश्न सोपा केला, दुसऱ्या हातानें दार उंच केलें. तरी यावरून एवढें सिद्ध होतें, कीं परत येण्याची शपथ न घेतांहि राज्य चालतें.

म्हणून आमचें मागणें थोडें व स्पष्ट आहे. विद्यार्थ्याला विचारावें तें आज तपासतां येईल तेंच: प्रवेश खरा आहे काय, शिकण्याची पात्रता आहे काय, खर्चाची सोय आहे काय, मुदतीचा नियम तो पाळील काय. चार वर्षांनंतर त्याचें मन कोठें असेल हें विचारूं नये. तें त्याच्या आईलाहि सांगतां येणार नाहीं. नकार द्यावयाचा तर त्याचें कारण, त्याच विद्यार्थ्याला लागू असणारें, लेखी द्यावें. तें चुकीचें असल्यास दुसऱ्या अधिकाऱ्यापुढें मांडण्याची वाट ठेवावी. आणि कारण द्यावयाचें नसेल तर निदान शुल्क परत करावें. परराष्ट्रांशीं बोलतांना आमचें सरकार व्यापाराच्या जकातीसाठीं जेवढा आवाज काढतें, त्याच्या निम्मा जरी या कामीं काढील तरी पुष्कळ होईल. आणि आमच्या विद्यापीठांनीं या मुलांना खरें काय तें सांगणारी एक खोली जरी उघडली, तरी दलालांचीं निम्मीं दुकानें बसतील.

असो. त्या मुलाच्या प्रश्नाला त्या सायंकाळीं आम्हीं काय उत्तर दिलें, हें वाचक विचारतील. खरें सांगावयाचें तर आम्हीं कांहींच उत्तर दिलें नाहीं. खरें बोल असें सांगावें तर त्याच्या बापानें काढलेलें कर्ज आमच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. शिकवलेलें बोल असें सांगावें तर लहानपणीं याच मुलाला आम्हींच शिकविलेले पाठ आठवले. आम्ही प्रश्नावली मिटून त्याच्या हातीं दिली आणि विहिरींच्या पाण्याविषयीं आणखी कांहीं विचारूं लागलों. तो पुन्हां उत्साहानें सांगूं लागला. त्याची मुलाखत येत्या पंधरवड्यांत आहे. तो काय बोलेल तें आम्हीं त्याला विचारलेलें नाहीं, आणि विचारणारहि नाहीं. कारण त्याचा दोष त्याच्या माथीं मारण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.